अमेरिकेतील स्पॅनिशभाषी परिचारिकांची चळवळ

रुग्णालयाच्या इतिहासात डॉक्टरांची नावे सापडतात. देणगीदारांच्या नावाच्या पाट्या तर भिंतीवरच असतात. परंतु रात्री तीन वाजता कण्हणाऱ्या रोग्याजवळ कोण उभे होते, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. त्यात रुग्णालयांतील आया, वॉर्डबॉय व सफाई कामगार यांच्या संघटनेचे कामही वाट्यास आले. त्यामुळे कोणताही इतिहास वाचावयास घेतला की आमची दृष्टी आधी त्या उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. आज ज्या परिचारिकांविषयी सांगावयाचे आहे त्या आपल्यापासून फार दूरच्या, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्पॅनिशभाषी समाजातील आहेत. मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, पनामा अशा निरनिराळ्या प्रदेशांतून या समाजाची माणसे आली. काहींचे पूर्वज तर टेक्सास व न्यू मेक्सिको हे प्रांत अमेरिकेत सामील होण्याच्या आधीपासून तेथे राहत होते. तेव्हा त्यांना सरसकट उपरे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

१९४५ साली पनामाहून इल्दाउरा मुरिलो नावाची एक तरुणी परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरी आली. पुढे मुरिलो-रोडे या जोडनावाने त्या प्रसिद्ध झाल्या. त्या शहराच्या बाजारात, गल्लीबोळांत स्पॅनिश भाषा कानावर पडत होती. रुग्णालयाच्या खाटांवरून येणारे कण्हणेही त्याच भाषेतले होते. पण खाटेशेजारी पांढऱ्या पोशाखात उभ्या असलेल्या परिचारिकांत ती भाषा बोलणाऱ्या मात्र अगदी थोड्या होत्या. ही विसंगती या मुलीच्या मनात जी रुतली ती कायमची. १९४८ मध्ये पदविका घेऊन त्या न्यूयॉर्कला गेल्या व मनोरुग्णांच्या परिचर्येकडे वळल्या. तेथे पोर्तो रिकोहून आलेले रोगी त्यांच्या हाताखालून गेले. ताप असला तर थर्मामीटर लावता येतो, परंतु मनाचे दुखणे रोग्याच्या तोंडूनच ऐकावे लागते, आणि ऐकणाऱ्याला त्याची भाषा, त्याच्या घरची रीत ठाऊक नसेल तर साधे दुःखही वेडात जमा होते. १९७१ साली त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

एका बाईने विद्वत्ता संपादन केली म्हणून रुग्णालय बदलत नाही. त्या काळी न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्पॅनिश बोलणारी माणसे नव्हती असे मुळीच नाही. ती होती, पण स्वयंपाकघरात, धुलाईखात्यात, फरशी पुसण्याच्या कामावर, आणि फार तर परिचारिकेच्या हाताखालची मदतनीस म्हणून. त्यांची मजुरी इतकी तुटपुंजी की पूर्णवेळ राबूनही अनेकांना सरकारी मदतीवर घर चालवावे लागे. धर्मादाय रुग्णालयांना १९४७ च्या कायद्याने कामगार कायद्यातून सूट दिलेली होती, म्हणजे युनियनशी बोलणी करण्याचे बंधनच मालकांवर नव्हते. ८ मे १९५९ रोजी या शहरातील सात रुग्णालयांतील कामगार संपावर गेले. त्यांत बहुसंख्य काळे व पोर्तो रिकन होते. त्यांची युनियन ‘११९९’, ही मुळात औषधांच्या दुकानांत काम करणाऱ्यांची! संप ४६ दिवस चालला. युनियनला पुरती मान्यता तेव्हा मिळाली नाही, परंतु १९६३ साली न्यूयॉर्क राज्याला कायदा करून या कामगारांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मान्य करावा लागला. संप फसला की यशस्वी झाला हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रावरून ठरवू नये, असे आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सांगतो, ते अशाच उदाहरणांवरून.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रोगी काय बोलतो हे डॉक्टरला कळले नाही की हाक कोणाला जाई? हातातली बादली खाली ठेवून येणाऱ्या त्या कामगार बाईला, नाही तर रोग्याच्याच आठ-दहा वर्षांच्या पोराला. दुभाष्याचे हे काम पगारपत्रकात कोठेही लिहिलेले नसे. आपल्याकडे कोकणातून वा खानदेशातून आलेल्या म्हातारीचे म्हणणे तरुण परप्रांतीय डॉक्टरला समजावून देणाऱ्या आयाबाई आम्ही किती तरी पाहिल्या आहेत. त्या कामाचा भत्ता एकीलाही मिळालेला आमच्या ऐकिवात नाही.

यानंतर दक्षिण ब्राँक्समधील लिंकन रुग्णालयाचा प्रसंग येतो. ही वस्ती प्रामुख्याने पोर्तो रिकन व काळ्या गरिबांची. इमारत जुनाट, नगरपालिकेनेच निकामी ठरविलेली, आणि लोक तिला सरळ खाटीकखाना म्हणत. १९७० च्या सुमारास तेथील कामगार, तंत्रज्ञ, परिचारिका व काही तरुण डॉक्टर ‘यंग लॉर्ड्स’ या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेच्या संपर्कात आले. या तरुणांनी आधी घरोघर जाऊन मुलांच्या अंगात शिसे किती भिनले आहे याची तपासणी केली होती, कारण जुन्या घरांच्या भिंतींवरील रंगाचे पोपडे मुले तोंडात घालीत. पुढे क्षयाच्या तपासणीची क्ष-किरण गाडी वस्तीत वेळीअवेळी येते म्हणून जून १९७० मध्ये त्यांनी ती गाडीच ताब्यात घेतली आणि तिला पोर्तो रिकोचे डॉक्टर व स्वातंत्र्यवीर बेतान्सेस यांचे नाव दिले. १४ जुलै १९७० रोजी पहाटे सुमारे दीडशे माणसे लिंकनच्या आवारात शिरली व एका इमारतीचा त्यांनी ताबा घेतला. ती इमारत कोणती म्हणाल, तर पूर्वी परिचारिकांच्या निवासाची! खिडकीतून पोर्तो रिकोचा झेंडा झळकला, आत क्षय, रक्तक्षय व शिशाची विषबाधा यांची तपासणी सुरू झाली. बारा तासांनी, पोलीस बाहेर जमले असता, काही मंडळी डॉक्टरांचे पांढरे कोट चढवून निघून गेली.

इमारतीचा ताबा घेणे हा मार्ग सर्वत्र चालेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या मंडळींच्या मागण्या वाचल्या म्हणजे त्यांना दंगेखोर म्हणवत नाही. उपचार कोणता करणार हे आधी समजावून सांगा, नको असेल तर नाकारू द्या, औषध कोणते व त्याने अपाय काय होईल हे सांगा, रोग्याला त्याचे कागद पाहू द्या, माणसासारखे वागवा. रुग्णांच्या हक्कांची ही सनद कामगारांनी व वस्तीने मिळून लिहिली. अमेरिकन रुग्णालयांच्या संघाने तशा धर्तीची आपली सनद १९७३ साली स्वीकारली. लिंकनची नवी इमारत १९७६ मध्ये उघडली.

समजावून सांगण्याची मागणी किती जिव्हाळ्याची होती ते लॉस एंजेलिसच्या खटल्यावरून दिसते. तेथील काउंटी रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या बायकांची बाळंतपणाच्या वेळी संततिबंदीची शस्त्रक्रिया होत असे. संमतिपत्रक इंग्रजीत, बाई कळा देते आहे, आणि पुढे कागद व लेखणी! १९७५ साली दहा स्त्रियांनी फिर्याद केली. १९७८ मध्ये न्यायाधीशाने ती फेटाळली. हा केवळ समजुतीचा घोटाळा होता, दोष कोणाचाच नाही, असा त्याचा सूर. समजुतीचा घोटाळा! ज्याच्या हाती कागद तयार करण्याचे सामर्थ्य आहे त्याला हा शब्द फार सोयीचा पडतो. परंतु स्त्रियांची चळवळ थांबली नाही. लिंकन रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. हेलन रोद्रिगेझ-ट्रायस यांनी न्यूयॉर्कमध्ये या अत्याचाराविरुद्ध समिती उभारण्यात पुढाकार घेतला, आणि १९७८ च्या अखेरीस केंद्र सरकारने नियम केले : संमती व शस्त्रक्रिया यांत तीस दिवसांचे अंतर, प्रसूतिवेदना चालू असताना सही नाही, आणि रोग्याला समजेल अशा भाषेत माहिती.

याच १९७५ साली मुरिलो-रोडे यांनी आपली संस्था स्थापिली. अमेरिकन परिचारिकांच्या मोठ्या संस्थेत स्पॅनिशभाषी भगिनींचे कोणी ऐकत नाही हा त्यांचा अनुभव. वॉशिंग्टनला सरकारी अनुदानांच्या छाननीसाठी जावे तर आपल्या समाजाच्या त्या एकट्याच. संस्थेचे पहिले नाव मोठे गमतीदार होते : ‘स्पॅनिश बोलणाऱ्या व स्पॅनिश आडनावाच्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना’. आडनावच का? तर दोन-तीन पिढ्यांत कित्येकांची भाषा सुटली, आडनाव राहिले. शिवाय जनगणनेत नैर्ऋत्येकडील पाच राज्यांत हा समाज आडनावावरूनच मोजला जाई. प्रत्येकाला वंशाचा प्रश्न विचारण्यास १९८० साली प्रारंभ झाला. ज्यांची मोजदादच धड झालेली नाही त्यांच्यासाठी खाटा, दवाखाने, शिष्यवृत्त्या मागाव्यात तरी कशाच्या आधारे? १९७९ मध्ये संस्थेने ‘हिस्पॅनिक परिचारिकांची राष्ट्रीय संघटना’ हे आटोपशीर नाव घेतले. संप करणारी ही युनियन नव्हे. आमचे काही सहकारी अशा पदवीधरांच्या संस्थांना नाके मुरडतात. आम्हांला ते पटत नाही. दाराबाहेर घोषणा देणारा जसा लागतो, तसा आतल्या टेबलावर अनुदानाचा कागद वाचणाराही आपला लागतो.

रोग्याचा शब्द न कळल्याने काय घडते याचे १९८० सालचे उदाहरण त्या देशात फार प्रसिद्ध आहे. फ्लोरिडातील एका रुग्णालयात अठरा वर्षांचा क्यूबन मुलगा बेशुद्ध अवस्थेत आणला गेला. घरच्यांनी सांगितले, तो ‘इंटॉक्सिकादो’ आहे. खाण्यापिण्यातून काही बाधले, एवढाच त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ. डॉक्टरांनी इंग्रजी शब्दाशी साम्य पाहून मुलाने मादक पदार्थ घेतला असे धरले व त्या दिशेने उपचार केले. मेंदूतील रक्तस्रावाकडे लक्ष गेले ते उशिरा. मुलाचे हातपाय कायमचे गेले. रुग्णालयाला तडजोडीने सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरांची भरपाई मान्य करावी लागली. आपल्याकडे ‘पोराला काहीतरी बाधलंय’ असे आई म्हणते, आणि मराठी न जाणणाऱ्याने त्याचा अर्थ भूतबाधा असा केला तर काय होईल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

डॉ. मुरिलो-रोडे २०१० साली निवर्तल्या. २०२० च्या जनगणनेत हा समाज लोकसंख्येच्या १८.७ टक्के भरला, तर त्याच वर्षीच्या पाहणीत नोंदणीकृत परिचारिकांत त्याचे प्रमाण होते ५.६ टक्के. २०२२ च्या पाहणीत ते ६.९ वर आले. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न जाणणाऱ्यांना त्यांच्या भाषेत सेवा मिळेल असे पाहावे, असा आदेश राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २००० साली काढला होता. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला राष्ट्राची अधिकृत भाषा ठरविणारा आदेश काढला आणि त्याच कागदाने क्लिंटन यांचा आदेश मागे घेतला. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा मात्र संसदेचा आहे. तो अशा आदेशाने पुसला जात नाही.