ऐतिहासिक तिथींची वारपरीक्षा आणि ‘सी’ लायब्ररींतील कालगणना

माजलगांव तालुक्यांत गोदावरीच्या तीरीं पुरुषोत्तमपुरी नांवाचें गांव आहे. देवगिरीच्या यादव रामचंद्राचा शके १२३२ चा ताम्रपट येथलाच. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या २५ व्या खंडांत प्रसिद्ध केला. शके १२३२ म्हणजे दक्षिणेकडील गणनेचा साधारण संवत्सर. त्याचा आरंभ इ. स. १३१० मधला. अशा लेखाची परीक्षा करतांना शक, संवत्सर, मास, तिथि व वार यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहण्याचा आपला प्रघात आहे. त्यांत वार हा सर्वांत कठोर साक्षी. बनावट कागद करणारा शक व संवत्सर बरोबर लिहूं शकतो. वार मात्र त्यास बहुधा दगा देतो.

अलीकडे ही परीक्षा संगणकावर करण्याची चाल पडली आहे, व तींतून एक नवा धोका उत्पन्न झाला आहे. अस्सल कागद यंत्राच्या साक्षीनें खोटा ठरण्याचा हा धोका असल्यानें त्याचा विचार येथें करणें अवश्य वाटतें.

युनिक्स व तिच्या वळणाच्या लिनक्ससारख्या कार्यप्रणालींत कालाचा हिशेब ‘सी’ भाषेच्या लायब्ररींतील कांहीं फंक्शनें करतात. ही भाषा डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. फंक्शन म्हणजे एक बांधलेली रीत. तीस अंक द्यावे, ती उत्तर देते. ‘टाइम’ हें फंक्शन चालू क्षण सांगतें. ‘जीएमटाइम’ व ‘लोकलटाइम’ हीं त्या क्षणाचे वर्ष, मास, दिवस व वार करतात. ‘मेकटाइम’ उलट क्रिया करतें. ‘मेकटाइम’ला आपण वार दिला तरी तें तो वाचीत नाहीं, स्वतः गणित करून आपला वार लिहितें.

ज्योतिषग्रंथांशीं परिचय असलेल्यांस ही रचना नवी वाटणार नाहीं. सिद्धांतग्रंथ कल्पारंभापासून अहर्गण मोजतात. करणग्रंथ जवळचा शक धरून अंक लहान ठेवतात. गणेश दैवज्ञांनीं ‘ग्रहलाघवा’ंत शके १४४२ हा आरंभ धरिला, आणि ११ वर्षांचें म्हणजे ४०१६ दिवसांचें चक्र योजून अहर्गण आटोक्यांत आणिला. सी लायब्ररी हा असाच एक करणग्रंथ होय. तिचा आरंभ १ जानेवारी १९७० ची ग्रीनिचची मध्यरात्र. एकक दिवस नसून सेकंद. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्यें एकक सेकंदाचा साठावा भाग होता; त्या मानानें ३२ द्विअंकी स्थानें अवघ्या सव्वादोन वर्षांत भरत, म्हणून पुढें सेकंद स्वीकारावा लागला.

सेकंद धरूनही ३२ स्थानांत धन व ऋण दोन्ही बाजूंस सुमारें ६८ वर्षेंच मावतात. पुढची सीमा १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनें सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद. मागची सीमा १३ डिसेंबर १९०१. पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट आरंभापूर्वी सुमारें २०८० कोटी सेकंदांवर असल्यानें जुन्या यंत्रांत त्यास जागाच नाहीं. ६४ स्थानांच्या यंत्रांत ही अडचण उरली नाहीं; परंतु दुसरी उरली, आणि ती अधिक घातक आहे.

हीं फंक्शनें ग्रेगरी पोपची १५८२ ची सुधारणा मागील सर्व शतकांस लावतात. उलट, इंग्रजांनीं जुनी जूलियन पद्धति १७५२ पर्यंत चालविली, आणि आपल्या इतिहासाच्या बहुतेक तारखा तींतच रूढ आहेत. १३१० मध्यें दोहोंत ८ दिवसांचें अंतर होतें, म्हणजे वारांत एकाचा फरक पडतो. शिवछत्रपतींच्या काळीं तें १० दिवसांचें, म्हणजे वारांत तिहींचा. राज्याभिषेकाची रूढ तारीख ६ जून १६७४. त्या दिवशीं शनिवार होता. हीच तारीख ‘मेकटाइम’ला द्यावी तर उत्तर बुधवार येतें. त्याच यंत्रावरील ‘कॅल’ हा प्रोग्राम सप्टेंबर १७५२ मध्यें पद्धति बदलतो, म्हणून तो शनिवार दाखवितो. एका घरांतले दोन साक्षीदार असे परस्परविरुद्ध बोलतात. आणि ज्यानें पहिल्यासच विचारिलें, तो चांगला कागद टाकून देईल.

जेधे शकावलींत मात्र या प्रसंगीं ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार आहे. तेंही यथार्थ आहे. तीन घटका रात्र उरली असतां सिंहासनारोहण झालें. आपला वार सूर्योदयास बदलतो, यंत्राचा मध्यरात्रीस. शिवाय ‘लोकलटाइम’ भारताकरितां १८५४ पूर्वीं कलकत्त्याची स्थानिक वेळ धरतें. ती रायगडाच्या वेळेहून सुमारें एक तास, म्हणजे अडीच घटका, पुढें आहे. पहांटेच्या प्रसंगीं एवढें अंतर उपेक्षणीय नव्हे.

उपाय आपल्याच परंपरेंत आहे. अहर्गणास जूलियन किंवा ग्रेगरी असा पक्ष नाहीं. कलियुगाच्या आरंभापासून १ जानेवारी १९७० पर्यंत १८,५२,१२२ दिवस गेले. आरंभ शुक्रवारचा, सातानें भागून शेष ६, म्हणून गुरुवार, आणि तो बरोबर आहे. ६ जून १६७४ चा अहर्गण मध्यरात्रीच्या गणनेनें १७,४४,१७७, शेष १, शनिवार. सूर्योदयाच्या गणनेनें १७,४४,१७६, शेष ०, शुक्रवार. दोन्ही साक्षी जुळल्या.

यास्तव संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, सूचि करतांना मूळ शक, मास, तिथि, वार व घटका जशाच्या तशा उतरून घ्याव्या. त्यांपुढें अहर्गण लिहावा. आणि इसवी तारखेपुढें ती जूलियन कीं ग्रेगरी हें स्पष्ट नमूद करावें. वार न जुळल्यास कागदावर दोष ठेवण्यापूर्वीं यंत्रानें कोणतें पंचांग धरिलें तें आधीं विचारावें.