वरच्या मजल्याचं तिकीट

१९८५चा श्रावण. रविवारची दुपार. कुलाब्याला अफगाण चर्चच्या थांब्यावर तुम्ही रांगेत उभे आहात. सर नुकतीच येऊन गेली आहे आणि पुढच्या गृहस्थांच्या मिटलेल्या छत्रीतून पाणी ठिबकतंय. रांग मोडायची नाही हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. हा भाग बसच्या इतिहासातला मानाचा. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईची पहिली बस अफगाण चर्चहूनच क्रॉफर्ड मार्केटला सुटली. दोन मजली बस १९३७मध्ये आली, आणि तेव्हापासून ती या शहराच्या अंगवळणी पडली आहे.

आर. सी. चर्चच्या बाजूने लाल रंग दिसतो. आधी वरचा मजला, ओल्या फांद्यांना घासत येणारा, मग खालचा. पाटीवर मराठी आकड्यांत १२३. बस थांबते. मागच्या बाजूने चढायचं; खांब घट्ट धरा, फूटबोर्ड निसरडा झालाय. आत पाऊल पडतंय तोच कंडक्टर सांगतो, "वर जागा आहे, वर जा. आजी, तुम्ही खालीच बसा, सावकाश." त्याचा हात छताजवळच्या दोरीकडे जातो. टिंग टिंग. डबल बेल मिळाली की ड्रायव्हर थांबत नाही, आणि तुम्ही अजून जिन्यातच आहात. बस पुढे जाते, शरीर मागे. वळणाच्या अरुंद जिन्यात दोन्ही हातांनी दांडे धरून तुम्ही वर येता.

सरळ पुढे चला. ड्रायव्हरच्या डोक्यावरची ती सगळ्यात पुढची सीट, जिच्यासाठी मुंबईतली पोरं भावंडांशी भांडतात. आज तिथे दोन मुलं गुडघ्यांवर उभी आहेत आणि शेजारी त्यांचे वडील. ते मुलांना सरकवतात. "या साहेब, बसा. मावतील पोरं." पुढची काच उघडी आहे. ओला वारा थेट तोंडावर येतो, आणि तुमच्यासमोर आता ना बोनेट, ना स्टिअरिंग. फक्त रस्ता, तुमच्या पायांखाली गडप होत जाणारा.

मागून टिकटिक ऐकू येते. वरच्या मजल्याचा कंडक्टर वेगळा. तो पंच वाजवत सीटमागून सीट करत येतो. पत्र्याच्या पेटीतून पातळ कागदी तिकीट फाडतो, भोक पाडतो, हातात देतो. खाली बसलेल्याला जेवढे पैसे पडले तेवढेच तुम्हाला. उंचीचे वेगळे पैसे नाहीत. हे तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचून ठेवा, इथे सगळे तसंच करतात.

ससून डॉकच्या आसपास मासळीचा वास वर येतो आणि पुढच्या वळणाला मागे पडतो. मग कुलाबा कॉजवे. रस्ता अरुंद, दुकानांची गर्दी दाट, पण ती सगळी खाली. तुमच्या बरोबरीला आहेत पहिल्या माळ्याच्या गॅलऱ्या. एका गॅलरीत बाई मेथी निवडतेय, दुसरीत बनियनवरचे आजोबा वर्तमानपत्र धरून बसलेत. एक मुलगी तुमच्या शेजारच्या पोरांना हात करते, पोरंही करतात. पायी जाताना ज्या घरांची फक्त दारं दिसतात, त्या घरांतल्या माणसांशी ही बस नजरानजर घडवून आणते.

"या रस्त्यावर ट्राम होती," मागच्या सीटवरचे एक वृद्ध गृहस्थ बोलू लागतात. १८७४मध्ये शहरात पहिल्यांदा घोड्याची ट्राम धावली ती कुलाब्याहून पायधुणीपर्यंत. पुढे विजेची आली, १९२०मध्ये दोन मजल्यांची. "वडील मला घेऊन वर बसायचे. ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम गेली, तेव्हा माणसं रस्त्यावर उभी राहून निरोप देत होती." ते थांबतात आणि खिडकीच्या चौकटीवर हात ठेवतात. "ही मात्र राहील."

तुम्हाला पुढचं माहीत आहे. त्यांना काही सांगू नका.

रीगल थिएटर येतं. चौकाला वळसा घेताना वरचा मजला कलतो, आणि पोटात एक क्षण पोकळी होते. पोरं किंचाळतात, हसतात. खाली बसणाऱ्याला हा झोल कधीच कळत नाही. रीगलच्या फलकावरचे नट-नट्या आता तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आहेत.

ओव्हल मैदानाशी बस हळू होते. मैदानावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलीयत. कांगा लीग चालू आहे. १९४८पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी मुंबईची स्पर्धा. पलीकडे राजाबाई टॉवर उभा. रस्त्यावरून पाहणाऱ्याला कुंपण आणि बघ्यांच्या पाठी दिसतात. तुम्हाला क्षेत्ररचना दिसते. "स्लिप वाढवली," मागचे आजोबा म्हणतात. ओल्या खेळपट्टीवरचा एक चेंडू खालीच राहतो आणि यष्टी उडते. सिग्नल सुटेपर्यंत अख्खा वरचा मजला त्या सामन्याचा प्रेक्षक असतो.

चर्चगेट मागे पडतं, बस उजवीकडे वळते, आणि डावीकडे अचानक काहीच उरत नाही. फक्त समुद्र.

मरीन ड्राइव्हला खालच्या मजल्यावरून दिसतो तो कट्टा आणि कट्ट्यावरची माणसं. वरून पूर्ण खाडी दिसते, मलबार हिलपर्यंत वाकत गेलेली. भरतीची वेळ आहे. लाट भिंतीवर आपटते, उभी राहते, वाऱ्याने इकडे वळते आणि उघड्या खिडक्यांतून खारे तुषार आत येतात. कुणी काच ओढत नाही. उजवीकडे गोलाकार गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती, ज्यांना २०१८मध्ये जागतिक वारशाचा मान मिळणार आहे. पुढे हिंदू, इस्लाम, पारशी जिमखान्यांची मैदानं. समुद्र आणि क्रिकेट एकाच वेळी. कुठे पाहू आणि कुठे नको.

शेजारचा बाप आता मोकळा होतो. ताडदेवला चाळीत राहतो. १९८२च्या संपात गिरणीतलं काम गेलं ते परत मिळालं नाही. हल्ली मिळेल ते करतो. "पोरांना दुसरं काय देणार? पगार झाला की एक रविवार या बसने फिरवतो. वरून समुद्र बघायचा असतो त्यांना." समोर मलबार हिलच्या उंच इमारती दिसू लागल्यात. तिथल्या खिडकीतून जो समुद्र दिसतो, तोच या दोन पोरांना दिसतोय. त्यासाठी लागतं ते घड्याळाच्या पट्ट्यातलं कागदाचं चिटोरं.

चौपाटी आली. उतरा. पोरं हात करतात, वरून टिंग टिंग ऐकू येते, आणि १२३ त्यांना घेऊन ताडदेवकडे निघते.

तुम्ही पुन्हा आजच्या दिवसात आहात. मधल्या वर्षांत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या गाड्यांचा ताफा सुमारे ९००पर्यंत गेला. मग तो आटत गेला. एका गाडीला दोन कंडक्टर लागतात, देखभाल महाग पडते, असा हिशेब मांडला गेला. १५ सप्टेंबर २०२३ रोजी नेहमीच्या मार्गावरची डिझेलची शेवटची डबल डेकर धावली. लोकांनी तिला हार घातले, फुगे बांधले. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित डबल डेकर आली होती. ती धूर सोडत नाही, हे मोठं काम आहे, आणि तिचा जिना चढून वर जाणारं मूल आजही पुढच्याच सीटकडे धावतं.

पण मुंबईत आता उंची विकत मिळते. चौरस फुटाच्या भावात, विसाव्या, चाळिसाव्या मजल्यावर. समुद्र दिसणाऱ्या खिडकीची किंमत ज्यांना परवडत नाही, त्यांच्या वाट्याला उड्डाणपुलाची खालची बाजू येते. दोन कंडक्टरांचा पगार मोजणाऱ्या हिशेबात त्या बापाचा रविवार कोणत्या रकान्यात धरला होता? ज्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, त्याला ही बस मुलांना अख्खी मुंबई दाखवू देत होती. तोट्याच्या खात्यात याची नोंद कधी झालीच नाही.

म्हणून नव्या गाड्या थोड्या थांब्यांपुरत्या राहून चालणार नाही. त्या भरपूर हव्यात, परवडणाऱ्या तिकिटात हव्यात, आणि गोवंडी, मालवणी, धारावीतल्या पोरांना घेऊन समुद्राकडे येणाऱ्या हव्यात. वरचा मजला हा या शहराने सामान्य माणसाला दिलेला हक्क होता. तो मागून घ्यायला लाजायचं कारण नाही.