हलत्या डोक्याचे मापन

* मेंदूचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी क्षीण. ते टिपणारी जुनी यंत्रे उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमवर चालतात. डोके हलले की मापन बिघडते. लहान मुले, कंपवाताचे रुग्ण यांची त्यामुळे फार अडचण होई. नव्या संवेदकात इवल्याशा कुपीत रुबिडियमची वाफ असते. तिच्यातून लेसरचा प्रकाश किती पार होतो, यावरून क्षेत्र कळते. असे संवेदक डोक्यावर बसवून नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१८ साली माणूस चहा पिताना, चेंडू टोलवताना त्याच्या मेंदूचे क्षेत्र मोजले. खोली मात्र चुंबकरोधकच लागते. पवईच्या आयआयटीत कस्तुरी साहा यांचा गट वाफेऐवजी हिऱ्यावर आधारलेले चुंबकीय संवेदक घडवतो आहे. – संपादक