ऐकलेले आणि पाहिलेले

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे ठरले आणि इतिहासाचा विषय माझ्या वाट्याला आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भगिनींनी माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. परंतु घरकाम उरकल्यावर जे वाचनात आले, त्यातून एक गोष्ट मनात भरली, ती आपल्यापुढे ठेवते.

खोट्या बातम्या मोबाइलमुळे आल्या, असे हल्ली सर्व जण म्हणतात. तसे असते तर आपल्या भाषेत त्यांच्यासाठी इतके शब्द कशाला असते? आवई उठते, हूल उठते, कंडी पिकते, वावडी उडते. पराचा कावळा होतो आणि राईचा पर्वत होतो. रोग जुनाच आहे. आज त्याला वाहन तेवढे वेगाचे मिळाले आहे.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव तेथे पडले. त्या काळी बातमी पोचायची ती सांडणीस्वारांच्या आणि सावकारांच्या पत्रांतून. भाऊसाहेब पडले असे कोणी सांगे, तर ते निसटून कोठेतरी सुखरूप आहेत असे दुसरा सांगे. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर गेल्या होत्या. त्या परत आल्या, पण आपला पती गेला हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे त्या माउलीने बावीस वर्षे वाट पाहिली.

या आशेचा फायदा घेणारा निघालाच. सुखलाल नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने ‘मीच भाऊसाहेब’ असे सांगण्यास सुरुवात केली. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याला पकडून चौकशी झाली आणि त्याला कैदेत ठेवण्यात आले. पण १७७६ मध्ये रत्नागिरीचे अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला सोडले, आणि कोकणात मोठे बंड उभे राहिले. किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसे त्याच्यामागे आली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. पुढे तो राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यास आणून त्याची पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. यालाच तोतयाचे बंड म्हणतात.

शहाण्यासुरत्या माणसांनी यावर विश्वास कसा ठेवला? मला वाटते, भाऊसाहेब जिवंत असावेत ही पुष्कळांची मनापासूनची इच्छा होती, आणि जे हवे असते ते मन लवकर खरे मानते. काहींना पेशवाईतले कारभारी नकोसे होते, त्यांनाही तोतया खरा ठरणे सोयीचे होते. म्हणून जी बातमी आपल्याला फारच गोड लागते किंवा आपल्या शत्रूला अगदी हवी तशी झोडपते, तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावे. दुसरी गोष्ट अशी की तोतया ओळखला गेला तो गर्दीच्या बोलण्यावरून नव्हे. प्रत्यक्ष माहिती असणाऱ्यांकडून चौकशी केली, तेव्हाच तो ओळखला गेला.

दुसरी हकीकत आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, अशी कथा आहे. कागदातले एक अक्षर बदलले की अर्थ कसा फिरतो, हे या कथेवरून आपल्या आजीनेही आपल्याला शिकवले. पण गंमत पाहा. हा फेरफार आनंदीबाईंनीच केला, हे इतिहासकारांना निर्विवाद सिद्ध झालेले वाटत नाही. खोटेपणाचा धडा म्हणून जी गोष्ट आपण सांगतो, तीच पुरती तपासलेली नाही! तरी अडीचशे वर्षे एका बाईच्या माथी तो डाग आहे. एकदा उडालेली वावडी खाली उतरवणे किती अवघड असते, हे यावरून कळते.

येथे मला आपल्या तालुक्यातील शिऊरच्या संत बहिणाबाईंची आठवण होते. सतराव्या शतकातल्या त्या बाईने आपले चरित्र आपल्याच अभंगांतून सांगून ठेवले. म्हणून तिच्याविषयी आपण तिच्याच तोंडून ऐकतो. आनंदीबाईंविषयी मात्र इतरांकडूनच ऐकत आलो. जिच्याविषयी गोष्ट आहे तिचे म्हणणे ऐकले का, हा प्रश्न गल्लीतल्या गप्पांतही विचारण्यासारखा आहे.

आता प्लेगचा काळ घ्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. आर्थर रोडच्या रुग्णालयात माणसाला बरे करायला नेत नाहीत, मारायला नेतात, अशी हूल उठली. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्या रुग्णालयावरच हल्ला केला. सरकारी माणसे घरात शिरून आजारी माणूस उचलून नेत. त्यामुळे लोकांचा विश्वास उडालेला होता, हेही खरे. भीती असते आणि खरे सांगणारा विश्वासाचा माणूस नसतो, तेथे कंडी भरभर पिकते.

हे सारे जुने झाले. पण जून २०१८ मध्ये आपल्याच तालुक्यात, चांडगाव येथे काय झाले ते आपण विसरलो नाही. दरोडेखोर आले, मुले पळवणारी टोळी आली, असे संदेश तेव्हा मोबाइलवर गावोगाव फिरत होते. लोक रात्री जागून पहारा देत होते. अशा वेळी चोर समजून जमावाने काही जणांना मारहाण केली आणि दोन माणसांचा जीव गेला. पुढे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना मुले पळवणारे समजून ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. दारी आलेल्या गोसाव्याला पसाभर पीठ घालणारा आपला मुलूख. एका संदेशाने त्याच्या हातात दगड दिला.

त्या दिवसांत एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात, एवढीच ती होती. मुळात ती पाकिस्तानातल्या कराची येथे, मुलांना सांभाळा हे लोकांना समजावण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. हा शेवट कोणीतरी कापून टाकला. कथेत अक्षर बदलले होते, येथे शेवट कापला. ‘ध’चा ‘मा’ तो हाच.

त्या वर्षीच व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. दुसरीकडून आलेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली. फार वेळा पुढे गेलेल्या संदेशावर दोन बाण दिसतात. ती खूण खरेपणाची नव्हे. तो फार हातांतून आला आहे, एवढाच तिचा अर्थ.

तर मग ओळखावे कसे? आपण बाजारात मेथीची जुडी घेतानासुद्धा देठ पाहतो, दोन ठिकाणी भाव विचारतो. तेवढेच येथे करावे. हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? त्याचे नाव, गाव, तारीख आहे का? चित्र या घटनेचेच आहे की दुसरीकडचे, जुने? पुढचामागचा भाग कापला आहे का? ‘लगेच सर्वांना पाठवा’ अशी घाई कशासाठी? ही बातमी खरी ठरावी असे कोणाला वाटते? पाचामुखी परमेश्वर म्हणतात. पण पाचही जणांनी एकाच तोंडून ऐकले असेल, तर ती पाच तोंडे नव्हेत, ते एकच तोंड आहे.

अनोळखी माणसाविषयी संशय आला तर हात उगारू नये. ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे, पोलिस पाटलांना सांगावे. आणि मुले पळवण्याचा संदेश सर्वांत आधी आपल्यापाशी, आयांपाशी येतो. आईचे काळीज लगेच हलते, हे तो लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणूनच त्याला थांबवण्याची ताकदही आपल्यापाशीच आहे. हळदीकुंकवाला, बचत गटाच्या बैठकीला, नळावर कोणी अशी बातमी सांगितली, तर तिला दुखवू नये. ‘बाई, तू पाहिलेस का ऐकलेस?’ एवढेच मायेने विचारावे. पानिपतापासून राईनपाड्यापर्यंत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर पुष्कळ घरांचे कुंकू वाचले असते.