अफू सोडवणारं पान

दक्षिण थायलंडमधले मजूर उन्हात काम रेटायला क्रॅटमची पानं चघळायचे, आपल्याकडे तंबाखू मळतात ना, तसं. अफू सुटावी म्हणूनही लोक हेच पान धरायचे. पण अफूतून सरकारला पैसा मिळे! १९४३ला क्रॅटमवर कायद्यानं बंदी आली. बुडणारा महसूल हे त्यामागचं कारण, असं बरेच अभ्यासक मानतात. बंदी उठली थेट २०२१ला.

आता अमेरिकेत पेट्रोल पंपावरच्या दुकानांतसुद्धा ७-हायड्रॉक्सीमायट्रागायनिनच्या कडक गोळ्या मिळतात. मूळ पानात हे द्रव्य नावापुरतंच. गोळी बंद केली की अंगदुखी, घाम, जुलाब, झोप उडते, अगदी अफूसारखंच. जुलै २०२५मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं त्यावर नियंत्रणाची शिफारस केली. आणि ही सवय सोडवायला काही डॉक्टर देतात ब्युप्रेनॉर्फिन. तेही अफूच्याच घराण्यातलं.