‘चालस का?’ : कन्सोलवरून संगणकावर आलेल्या खेळांची गोष्ट



पिंपळनेरात संध्याकाळी चार पोरं एकत्र बसली आणि नव्या गेमचा विषय निघाला, तर ‘गेम कसा आहे?’ हे नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘तुना कंप्युटरवर चालस का?’ आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. काही ज्येष्ठ मंडळींना वाटेल, व्याख्यानात गेमचं काय काम? पण कांद्याला बरा भाव मिळाला त्या वर्षी घरात आलेला संगणक पुढची सात-आठ वर्षं पुरवायचा असतो. खोक्यावर किंवा दुकानाच्या पानावर ‘एवढी रॅम, एवढं ग्राफिक कार्ड असलं की चालेल’ असं लिहिलेलं असतं. त्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे भरले आणि गेम दर दोन मिनिटांनी अडकला, तर तो ग्राहकाचा प्रश्न झाला.

एका यंत्रासाठी केलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर बसवणं, याला ‘पोर्ट’ म्हणतात. आपल्याकडे शाळेच्या कंप्युटर लॅबमध्ये एक पिढी ‘प्रिन्स’ आणि ‘डेव्ह’ खेळून मोठी झाली. हे दोन्ही खेळ मुळात आपल्या त्या डॉसच्या यंत्रासाठी जन्मलेच नव्हते. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ 1989 मध्ये आला तो ‘ॲपल टू’ या संगणकासाठी. तिथे तो फारसा खपला नाही. पुढच्या वर्षी डॉसवर आला, मग इतर यंत्रांवर गेला, आणि जगभर पसरला तो या पोर्टांमुळेच. जॉन रोमेरो यांचा ‘डेंजरस डेव्ह’सुद्धा आधी ‘ॲपल टू’चाच. आपल्याला हे कधी कळलं का? नाही कळलं. चांगल्या पोर्टची हीच खूण आहे: तो पोर्ट आहे हे खेळणाऱ्याला जाणवत नाही.

आता उलटं उदाहरण. 1982 मध्ये अटारी कंपनीने ‘पॅक-मॅन’ हा आर्केडमधला खेळ घरच्या ‘अटारी 2600’ यंत्रावर आणला. या यंत्राची रॅम होती फक्त 128 बाइट; हो, बाइट. कॅसेटमध्ये जागा 4 किलोबाइट. चार भुतं एकदम दाखवता येईनात, म्हणून आळीपाळीने दाखवली; पडद्यावर ती सारखी लुकलुकत. खेळ लाखोंनी खपला, आणि लोक तितकेच नाराज झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. त्याला कारणं अनेक होती, पण नाव बघून घेतलेला माल निकृष्ट निघतो, हा अनुभव त्यातलं एक मोठं कारण होतं.

पॅक-मॅनच्या वेळी यंत्र खरोखरच अपुरं होतं. पुढे संगणक कन्सोलपेक्षा ताकदवान झाले, तरी तक्रार संपली नाही. असं का?

कन्सोल म्हणजे प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्ससारखा टीव्हीला जोडायचा डबा. एका मॉडेलचे सगळे डबे आतून जवळपास सारखेच. एकाच मापाच्या गिऱ्हाइकासाठी कपडे शिवावेत तसं हे काम. संगणकाचं तसं नसतं. धुळ्याहून असेंबल करून आणलेला एक, पुण्याहून आलेला जुना लॅपटॉप दुसरा. प्रत्येकाचा प्रोसेसर, कार्ड, ड्रायव्हर वेगळा. इथे प्रत्येकाचं माप घ्यावं लागतं, म्हणजे वेळ आणि माणसं लागतात. कंपनी नेमकी तिथेच काटकसर करते.

2007 मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ संगणकावर आला तेव्हा त्यात माउसने नेम धरायची सोयच नव्हती. संगणकावरच्या खेळात माउस नाही! यात यंत्राची कसली अडचण? 2012 मध्ये ‘डार्क सोल्स’ आला. संगणकावर आणा म्हणून खेळाडूंनी त्यासाठी सह्यांची मोहीम चालवली होती. संगणकाचा अनुभव नसल्याने काम अवघड जातंय, हे करणाऱ्यांनी आधी कबूलही केलं होतं. हाती आला तेव्हा तुमचा पडदा कितीही मोठा असो, आतलं चित्र 1024 बाय 720 एवढंच, आणि वेग सेकंदाला 30 फ्रेमवर बांधलेला. ‘ड्युरांटे’ या टोपणनावाच्या एका ऑस्ट्रियातल्या प्रोग्रॅमरने त्याच दिवशी ‘डीएसफिक्स’ नावाची छोटी फाइल फुकट दिली, आणि चित्राची मर्यादा उठली. पीटर थोमान हे त्यांचं खरं नाव. पुढे त्यांनी पोर्ट करण्याचीच कंपनी काढली. कंपनीच्या कामातली उणीव एका हौशी माणसाने एका दिवसात भरून काढली, तर ‘संगणकावर हे जमतच नाही’ ही सबब टिकत नाही.

यानंतरचं महत्त्वाचं वर्ष 2015. त्या जूनच्या सुरुवातीला स्टीम या ऑनलाइन दुकानाने पैसे परत द्यायचा नियम आणला: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि खेळून दोन तासांपेक्षा कमी झाले असतील तर पैसे परत. तीनच आठवड्यांनी ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’ आला. पोर्टचं काम बाहेरच्या छोट्या चमूला दिलेलं होतं. गेम इतका अडखळत होता, की लोकांनी भराभर पैसे परत मागितले आणि कंपनीने दुसऱ्याच दिवशी संगणकावरची विक्री थांबवली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या अखेरीस. संताप आधीच्या खेळांच्या वेळीही होताच. फरक पडला तो ग्राहकाच्या हातात परतीचा हक्क आल्यामुळे.

मग आता तरी सगळं ठीक झालं असेल? प्लेस्टेशन 4 पासून, म्हणजे 2013 पासून, कन्सोलमध्ये संगणकासारखेच चिप आहेत. तरी दोन अडचणी राहिल्या. पहिली मेमरीची. प्लेस्टेशन 5 मध्ये 16 जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक मिळून वापरतात. संगणकात रॅम वेगळी आणि कार्डाची मेमरी वेगळी. दुसरी अडचण ‘शेडर’ची. पडद्यावरचा प्रकाश, सावली, रंग कसे काढायचे याचे हे छोटे प्रोग्राम. कन्सोलचा डबा ठरलेला, म्हणून ते आधीच तयार करून देता येतात. संगणकावर ते तुमच्या कार्डाप्रमाणे तुमच्याच घरी तयार व्हावे लागतात. आधी तयार केले नाहीत, तर ऐन लढाईत गेम क्षणभर थबकतो.

मार्च 2023 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ आला. यात शेडर आधी तयार होत, पण अनेकांना त्यासाठीच बराच वेळ ताटकळत बसावं लागलं. गेम चालू असल्याने तो वेळ परतीच्या दोन तासांतून वजा होत होता! म्हणजे खेळ धड सुरू होण्याआधीच परतीचा हक्क संपत यायचा. शिवाय 8 जीबीच्या कार्डावरही भिंती-कपड्यांचे पोत मातीसारखे दिसत. त्याच्या काही महिने आधी, स्टीमच्या पाहणीत सगळ्यात जास्त दिसणारं कार्ड ‘जीटीएक्स 1650’ होतं. त्याची मेमरी 4 जीबी. मग हा पोर्ट कुणाचं माप घेऊन शिवला होता? दुरुस्तीचे पॅच पुढे आले, पण मोबाइलच्या डेटावर गेम उतरवणाऱ्या आपल्या पोराला प्रत्येक मोठा पॅच म्हणजे आणखी एक रात्र.

महाराष्ट्रातलंच एक उदाहरण बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ केला. लोकवर्गणीची मोहीम फसली होती, तरी काम सोडलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये गेम आधी आला निन्टेन्डो स्विचवर, ऑक्टोबरमध्ये संगणकावर. स्विचची मेमरी 4 जीबी. ज्याने आधी लहान भांड्यात स्वयंपाक बसवला, त्याला प्रत्येक वस्तूचं वजन माहीत असतं. जिथे आधी मोठं भांडं वापरलं जातं, तिथे हा हिशोब शेवटी आठवतो.

म्हणून आपण राग कुणावर काढायचा हेही नीट ठरवू. पोर्ट करणारा प्रोग्रॅमर बहुतेक वेळा पगारी माणूस असतो. अशी कामं करणारी पोरं आपल्या पुण्या-मुंबईतही आहेत. तारीख, माणसं आणि पैसा वरून ठरतो. जाब तिथे विचारायचा. आणि आपल्या बाजूने एवढं करायचं: आगाऊ पैसे भरायचे नाहीत, आपल्यासारखंच कार्ड असलेल्या कुणाचा अनुभव ऐकल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि घेतला तर पहिल्या दोन तासांत घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. न चालणारा गेम परत करताना लाजायचं कारण नाही. पैसे आपण पूर्ण भरलेले असतात.

‘चालस का?’ हे विचारत राहू. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.