सर्पगंधेची मुळी आणि हृदयाचा ताल

कवायतीच्या तासाला आठवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, छातीत धडधडतंय, मधेच ठोका चुकतो.” टाळाटाळ समजून मी त्याला रांगेत उभे केले. थोड्याच वेळात तो मूर्च्छा येऊन पडला. सुदैवाने बचावला, तपासणीत हृदयाच्या लयीत दोष निघाला. मी इतिहासाचा शिक्षक. त्या दिवसाची लाज वाटून या दोषाविषयी वाचू लागलो, तेव्हा त्याच्या इतिहासाचा एक धागा आमच्या परळमध्येच सापडला.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील एका लहानशा पेशीपुंजातून विजेची सूक्ष्म लहर निघते आणि ठोका पडतो. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे ठोके मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० असतात. लहर भलत्याच जागेतून निघाली, वाटेत अडली किंवा एकाच वाटेवर फिरत राहिली, की ताल बिघडतो.

परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवर पडताळून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. मुळी नवी नव्हती. वैद्य-हकीम ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते मुख्यतः या लेखाने.

हृदयाच्या लयीशी संबंधित असे आणखी एक द्रव्य त्याआधीच या मुळीतून हाती आले होते. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांनी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला औषधी वनस्पतींच्या संशोधनाकडे वळविले. हकीमसाहेब १९२७ साली निवर्तले. १९३१ साली सिद्दीकींनी सर्पगंधेतून ते द्रव्य वेगळे केले आणि गुरूच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले.

अजमलीन हृदयपेशींत शिरणाऱ्या सोडियमची वाट रोखते. त्यामुळे विजेची लहर मंदावते आणि काही प्रकारची बेलगाम धडधड थांबते. मात्र हेच औषध कधी कधी ताल बिघडवूही शकते. पुढे १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी अचानक, पुष्कळदा झोपेतच, मृत्यू आणणारा एक लयदोष वर्णिला. साध्या हृदयालेखात तो अनेकदा लपून राहतो. रुग्णालयात, पूर्ण देखरेखीखाली अजमलीन टोचले असता तो आलेखावर उमटू शकतो. लहर मंदावण्याचा औषधाचा गुण असा निदानाच्या कामी आला.

दिल्लीचे हकीम, त्यांचा रसायनशास्त्रज्ञ शिष्य आणि मुंबईचे पारशी डॉक्टर, यांपैकी कोणीही जुनी ऐकीव गोष्ट हसण्यावारी नेली नाही, आणि ती पडताळून पाहण्याचेही टाळले नाही. मी मैदानावर नेमके उलटे केले होते. धावताना मूर्च्छा आली, अथवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर मुलाला डॉक्टरांकडे नेऊन हृदयालेख काढून घ्यावा. आणि मूल “ठोका चुकतो” म्हणाले, तर शिक्षकाने प्रथम त्याला खाली बसवावे. खरेखोटे मग पाहता येते.